बाईंना दिसत नाही

चष्मा वर सरकवून केसांत खोचायचा, डोळे बारीक करून फळ्याकडं बघायचं आणि शेजारच्या पोराला हळूच म्हणायचं, “मला तर बाई काही दिसेना. तू वाच बघू.” आमच्या शाळेतल्या पहिलीच्या बाई वर्षानुवर्षं हेच करत आल्या. एरवी त्यांना मुख्याध्यापकांच्या शर्टाचं तुटलेलं बटण व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकावरून दिसायचं. फळा तेवढा दिसायचा नाही.

तुम्ही म्हणाल, यात विशेष ते काय? प्रत्येक शाळेत अशी एखादी बाई असते. असेल. पण आमच्या बाईंच्या वर्गातल्या प्रत्येक पोराची अगदी मनापासून समजूत असे की बाईंना वाचता येत नाही. डोळे अधू, त्यामुळं शिकायचं राहून गेलं बिचाऱ्यांचं. मग फळ्यावर शब्द कोण लिहितं? तर पोरांच्या मते शेजारच्या चौथीचे सर, म्हणजे मी. मधल्या सुट्टीत पहिलीची पोरं माझ्याकडं तक्रार घेऊन यायची, “सर, आज लय अवघड लिहिलं तुम्ही. बाईंना काहीच समजंना.” मी गंभीर चेहरा करून सांगायचो की उद्या सोपं लिहितो. दुसरीत गेल्यावर पोरांना खरं काय ते उमगायचंच, पण गंमत अशी की मागून आलेल्या पहिलीच्या पोरांजवळ त्यांनी हे गुपित कधी फोडलं नाही.

शाळा अंबडला, कारखान्यांच्या पाठीमागच्या वस्तीत. एकदा एका पोराचे वडील ड्यूटी संपवून तसेच, कंपनीच्या निळ्या शर्टात, मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरले. “सर, पोरगं म्हणतंय बाईला वाचता येत नाय. आमी गाव सोडून आलो ते पोरानं शिकावं म्हणून, अन बाईच अडाणी हाय का काय?”

बाईंना बोलावणं गेलं. मी तिथं हजेरीपटावर सही करत होतो, ती जरा सावकाश केली. असली करमणूक कोण सोडतं? बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “घरी काही वाचतो का तो?”

“घरी? अहो, दिवसभर तेच चालू हाय. दुकानाच्या पाट्या वाचतो, बिस्किटाचा पुडा वाचतो, टेम्पोच्या मागचं वाचतो. म्हणतो, बाईला सांगायचंय, तिला दिसत नाय.”

एवढं बोलून गृहस्थ स्वतःच थांबले. काहीतरी डोक्यात उजेड पडला असावा. बाई मूळच्या सटाण्याच्या. त्यांनी त्याच्या बोलण्यातला हेल ओळखला आणि एकदम अहिराणीत विचारलं, “तुमनं गाव कोनतं शे?” गाव निघालं नामपूरजवळचं. मग पाऊसपाणी झालं, कांदा झाला, कुणाकुणाची नाती निघाली. तो माणूस निघाला तेव्हा बाई दारापर्यंत गेल्या. “पोरले काही सांगू नका हां.” त्यानं हसत कानाला हात लावला आणि गेला.

आता प्रमाणपत्राकडं येतो, कारण बाई मला खऱ्या कळल्या त्या त्याच्यामुळं. आमच्या संस्थेनं मध्यंतरी ‘प्रगत अध्यापक’ नावाचं प्रमाणपत्र काढलं. एकदा मिळालं म्हणजे सुटलो असं नाही, दर पाच वर्षांनी ते नव्यानं मिळवायचं. पोरांचा पाया पक्का व्हायला हवा, असं संस्थेचं म्हणणं. म्हणून ज्याच्याकडं प्रमाणपत्र नाही त्याला पहिली-दुसरीचा वर्ग नाही. त्यानं ऑफिसात बसून दाखले लिहायचे.

मला प्रशिक्षण म्हटलं की डोक्यात तिडीक जाते. बाईंना मात्र मौज वाटायची. पदरात भाजलेल्या शेंगा घेऊन त्या कॉम्प्युटरच्या खोलीत माझ्या शेजारी बसायच्या आणि प्रश्न पुरता वाचून व्हायच्या आत मला कोपरानं ढोसायच्या. “वरीलपैकी सर्व. मारा टिचकी.”

“अहो, पण प्रश्न तरी वाचू द्या.”

“काय वाचायचंय? शिक्षणात सगळंच लागतं, सर. उत्तर वरीलपैकी सर्वच असणार.” आणि सांगायला लाज वाटते, पण बहुतेक वेळा तेच बरोबर निघायचं.

पहिल्या खेपेला प्रशिक्षणानंतर नुसती लेखी परीक्षा होती, ती बाईंनी हसत खेळत पार केली. पाच वर्षांनी नूतनीकरण आलं तेव्हा नियम बदलले होते. आता एक अख्खा तास मोबाईलवर चित्रित करून पाठवायचा होता. कॅमेरा वर्गाच्या मागं, फळ्याकडं तोंड करून ठेवायचा आणि मध्ये हलवायचा नाही. माझा तास पहिल्या फटक्यात पास झाला, वर ‘उत्कृष्ट’ असा शेराही आला. माझी अर्धी पोरं त्या तासाला जांभया देत होती, पण मागून घेतलेल्या चित्रात जांभया दिसत नाहीत.

बाईंच्या तासाला मोबाईल सांभाळायला मीच बसलो होतो. त्या वर्षी त्यांच्या वर्गात नजमा नावाची एक मुलगी होती. मालेगावाकडचं कुटुंब, वडील रोजंदारीवर. शाळेत आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. बाईंनी तिला कधी टोकलं नाही. त्या रोज तिच्या शेजारी सतरंजीवर बसायच्या आणि चष्मा वर सरकवून आपल्याला दिसत नसल्याचं सांगायच्या, बस.

त्या दिवशीही तेच झालं. पोरं यायच्या आधीच बाईंनी फळ्यावर चार शब्द लिहून ठेवले होते. बाई येऊन बसल्या त्या पार मागं, कॅमेऱ्याच्याही मागं, नजमाला खेटून. “मला तर बाई काही दिसेना. तू वाच बघू.” नजमा जागची हलली नाही. बाई नुसत्या फळ्याकडं डोळे बारीक करून बघत राहिल्या. मी मनात म्हणालो, संपला हा तास. तेवढ्यात नजमा उठली. भिंतीच्या कडेकडेनं फळ्यापर्यंत गेली, पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “ग. व. त.”

“हं,” मागून बाई म्हणाल्या. “गवत होय! मग?”

नजमानं चारही शब्द वाचले. नंतर सगळी पोरं फळ्याशी धावली आणि बाईंना जागेवरून ओरडून ओरडून सांगू लागली की कुठं काय लिहिलंय. मी शिक्षक आहे, असल्या गोष्टींना सरावलेला आहे, तरी तास संपल्यावर मोबाईल बंद करायचं मी विसरलोच.

पंधरवड्यानं निकाल आला. ‘शिक्षक चौकटीत दिसत नाहीत. अध्यापन आढळले नाही. तास पुन्हा सादर करावा. ही अखेरची संधी.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. “आढळलं नाही म्हणे. चोरीला गेलं का काय?” त्या हसल्या, पण हसू टिकलं नाही. “सर, मला ना बढती हवी, ना सत्कार. पहिली तेवढी राहू द्या. ऑफिसात बसवलं तर मी आजारी पडेन हो.”

मग आम्ही सगळे कामाला लागलो. बाईंनी गॅदरिंगची साडी नेसली. मी त्यांच्याकडून पाठाच्या पायऱ्या घोकून घेतल्या, आधी प्रस्तावना, मग हेतुकथन, म्हणजे आज काय शिकायचं ते पोरांना सांगणं, आणि मग बाकीचं. तास सुरू झाला. बाई फळ्यासमोर ताठ उभ्या राहिल्या, चष्मा डोळ्यांवर, हातात पट्टी. अगदी माझ्यासारख्या. त्यांनी मोठ्या अक्षरात शब्द लिहिला, त्याखाली पट्टी फिरवली आणि स्वच्छ आवाजात वाचला.

आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, खुद्द बाईंच्याही नाही. आम्ही साडीचा विचार केला, उजेडाचा केला, पंख्याच्या आवाजाचा केला. हा एक विचार राहिला.

एक पोरगं ताडकन उभं राहून किंचाळलं, “ए! बाईंना वाचता येतं!”

पाठोपाठ सगळा वर्ग ओरडायला लागला. बाईंची पट्टी फळ्यावर तशीच राहिली. चित्रीकरण थांबवता येत नव्हतं, म्हणून त्यांनी उरलेला तास पूर्ण केला. शिकवलेल्याचं संकलन केलं, गृहपाठ दिला. माझ्या पुढ्यात बसलेली नजमा शेवटपर्यंत मान खाली घालून होती. एकदाही तिनं फळ्याकडं बघितलं नाही.

तो तास पास झाला. ‘विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद उल्लेखनीय,’ असा शेरा होता. प्रमाणपत्र आलं. मुख्याध्यापकांनी पेढे आणले, बाईंनी हातातला पेढा तसाच डब्यात ठेवला.

“आता तरी खूश व्हा की,” मी म्हणालो.

“वर्ग राहिला, सर. पण आता पोरं मला कशाला सांगतील काही? मला तर सगळंच येतं ना.”

नंतरचे काही दिवस त्यांच्या वर्गातून आवाजच येईना. आमच्यामधली भिंत पातळ, त्यामुळं पूर्वी त्यांच्या गोंधळाची मी रोज कुरकुर करायचो. आता ती शांतता मला खायला उठायची. बाई चष्मा लावून शिकवत, पोरं हाताची घडी घालून ऐकत. एकदा त्यांनी चष्मा वर सरकवून बघितला, तर पोरं “बाई, खोटं!” म्हणून हसली. नजमा पुन्हा हजेरीला हात वर करायला लागली होती.

एका दुपारी मी खडू मागायला त्यांच्या दारात गेलो. बाई सतरंजीवर बसून वह्या तपासत होत्या. नजमा जागेवरून उठली, त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. बाईंनी मान वर केली. तशी तिनं दोन्ही हातांनी बाईंचा चष्मा धरला, हळूच वर सरकवला आणि केसांत नीट बसवला.

“अब नै दिखता ना?” ती म्हणाली. “मी वाचते.”

बाईंनी नुसतीच मान हलवली. नजमा फळ्याकडं वळली आणि तेवढ्यात मागच्या कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, “बाईंना दिसत नाही! बाईंना दिसत नाही!” झालं, सगळी पोरं फळ्याशी. खरं काय ते त्यांना ठाऊक होतं आणि तरी त्यांनी ठरवून टाकलं होतं की बाईंना दिसत नाही. बाई डोळे पुसत होत्या आणि विचारत होत्या, “काय लिहिलंय रे? सांगा की कुणीतरी.” मी खडू न घेताच परत आलो. चौथीला त्या दिवशी तोंडीच शिकवलं.

पुढच्या नूतनीकरणाची वेळ बाईंवर आली नाही. त्याआधीच त्या निवृत्त झाल्या आणि सटाण्याला मुलाकडं राहायला गेल्या. फोनवर बोलणं व्हायचं, तेही हळूहळू कमी झालं. यंदा वणीला देवीच्या दर्शनाला गेलो होतो, तिथून मुद्दाम वाट वाकडी करून त्यांच्याकडं गेलो. ओट्यावर बसल्या होत्या. माझा आवाज ऐकताच, “या सर, चौथी सुटली वाटतं?” म्हणून हसल्या.

चहा झाला. मी मोबाईल काढला. तो पहिला तास, अध्यापन न आढळलेला, मी अजून पुसलेला नाही. नवे शिक्षक प्रमाणपत्राला बसतात तेव्हा त्यांना तो दाखवतो. “बाई, बघा, काय आणलंय,” म्हणून मी मोबाईल त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग चष्मा वर सरकवून केसांत खोचला.

“मला तर बाई काही दिसेना, सर.”

मी खो खो हसलो. “बाई, मी आता पहिलीत नाही!”

हसताना माझं लक्ष त्यांच्या सुनेकडं गेलं. ती कपबशा उचलायला आली होती आणि हसत नव्हती. “खरंच दिसत नाही हो सर त्यांना,” ती हळू आवाजात म्हणाली. “साखरेनं पडदे गेले दोन्ही डोळ्यांचे. उजेड तेवढा कळतो.”

मोबाईलमध्ये तास सुरू झाला होता. बाईंनी कान दिला. त्यांचाच आवाज आला, मग बराच वेळ काही नाही.

“नजमा उठली का?” त्यांनी विचारलं.

“उठली, बाई. भिंतीच्या कडेनं चाललीय.”

“हं. मग?”

“फळ्याशी पोचली. बोट ठेवलंय.”

“कशावर? काय लिहिलंय तिथं?”

“अहो, तुम्हीच तर लिहिलं होतं.”

“मला दिसत नाही ना, सर,” बाई म्हणाल्या आणि माझ्या बाजूला सरकून बसल्या. “तुम्ही वाचा बघू.”

मी मोबाईल जवळ घेतला. डोळ्यांसमोर अक्षरं हलत होती, ती थांबायला थोडा वेळ लागला.

“ग. व. त,” मी वाचलं.

“शाबास,” बाई म्हणाल्या. “पुढं?”