नसांच्या डॉक्टरकडे

मी परभणीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. चेतापेशीची आकृती डोळे मिटून काढते. प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मेरुरज्जू असले शब्द ऐकून पोरं घाबरतात, तेव्हा मी हसते. बाबांना मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं त्या सकाळी मात्र माझ्याच तोंडाला कोरड पडली होती.

हुरड्याच्या दिवसांत बाबांनी बोलणं टाकलं. रानात जाणं बंद, जेवण चिमणीचं, रात्री टक्क जागे. शिमगा जवळ आला तरी तेच. आमच्या गावी, चुडाव्यात, आईने सगळ्यांना सांगून ठेवलं, "नसांच्या डॉक्टरला दाखवायलोत." नसांचा आजार म्हटलं की लोक मालिशचं तेल सुचवतात आणि गप्प बसतात. डोक्याचा म्हटलं असतं तर धाकटीच्या सोयरिकीपर्यंत गोष्ट गेली असती. मलाही ते नाव बरं वाटलं. नसांनी काही कुणी मरत नाही, असं मी स्वतःला समजावत होते.

आत फक्त बाबांना आणि मला बोलावलं. आई बाहेर बाकावर थांबली. डॉक्टर तरुण, बाहेरगावचे, बोलणं छापील. झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं; बाबा नुसती मान हलवत राहिले. मग त्याच आवाजात डॉक्टर म्हणाले, "आत्महत्येचे विचार येतात का?"

बाबा टेबलाकडे बघत बसले. डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही विचारा. तुमच्या घरच्या बोलीत."

मला त्यांचा असा राग आला! "उगाच नसलेलं त्यांच्या डोक्यात घालू नका," मी म्हणाले. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, ते शांतपणे म्हणाले, उलट न विचारल्याने माणूस एकटा पडतो. पटलं. तरी जीभ उचलेना. बाबा नाही म्हणाले तर खरं धरू का? आणि हो म्हणाले तर? ज्यांच्या खांद्यावर बसून मी पूर्णेचा बाजार पाहिला, त्यांना हे विचारायचं.

शेवटी त्यांचा हात धरला. "बाबा, मरून जावं वाटायलंय का तुमाला?"

त्यांनी टेबलावरून नजर उचलली.

"व्हय," ते म्हणाले. "लय दिस झाले. तुझ्या आईला सांगू नको, बाई."

डॉक्टर म्हणाले, याला नैराश्य म्हणतात, औषधाने बरं होतं. पण सध्या त्यांना एकटं सोडायचं नाही आणि घरच्यांपासून लपवायचं नाही. बाबांना त्यांच्यापाशी बसवून मी बाहेर आले. आईला कोणत्या तोंडाने सांगू, एवढंच डोक्यात. तिच्या शेजारी बसले.

"आई, घाबरू नको. घरात फवारणीचं औषध असेल तर..."

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"ते म्या संक्रांतीलाच तुझ्या मामाकडं नेऊन ठिवलंय. राती पदराची गाठ त्यांच्या सदऱ्याला मारून पडते. ते उठले की कळतं."

तिने डोकं मागे भिंतीला टेकवलं.

"आज तू जागशील का, माय? मला लय झोप यायलीय."