उपासाची सुपारी आणि पेटस्कॅन

"इंजेक्शन के बाद कुछ चबाए क्या?" हैदराबादच्या डॉक्टरांनी विचारलं. मी गुपचूप खिशातली सुपारीची डबी काढून टेबलावर ठेवली. समोर पडद्यावर माझ्या जबड्यांत दोन्हीकडे दिवे लागले होते.

मानेतल्या गाठीचा तुकडा तपासला, तेव्हा लिम्फोमा निघाला होता. म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर. तो मानेपुरताच आहे की पसरलाय, हे कळायचं होतं. मानेपुरता असला तर थोडक्यात सुटका, नाहीतर लांबलचक उपचार. म्हणून पेटस्कॅन.

त्यात एफडीजी टोचतात. एफडीजी म्हणजे किरणं सोडणारी साखर. रोगट पेशी साखरेला हपापलेल्या असतात, त्यामुळे ती तिथे जाऊन बसते आणि फोटोत तेवढा भाग चमकतो. पण राबणारा स्नायूही साखर खातो. हे मला नंतर कळलं.

"उपाशीपोटी या," एवढंच सांगितलं होतं. आमच्या गावी, जैनथला, उपासाला सुपारी चालते. बायकोनं, सुमननं, साबुदाणा भिजवला होता. हा डॉक्टरी उपास, म्हणून तो मी मोठ्या शहाणपणानं नाकारला. सुपारी काही खाण्यात मोजत नाहीत.

टोचल्यावर जाड भिंतींच्या खोलीत एकट्याला बसवलं. "हिलना नहीं, बात नहीं करना," म्हणून सिस्टर गेली. मी हललो नाही, बोललो नाही. भीतीनं तोंड कोरडं पडलं, तशी सुपारी चघळत बसलो.

"इस चमक में गर्दन की छोटी गाँठें नहीं दिख रहीं. दोबारा करना पड़ेगा," डॉक्टर म्हणाले. वर पुटपुटले, "गाँव के लोग सुनते ही नहीं."

तिथे माझं डोकं फिरलं. माझ्या किराणा दुकानात शिकलेल्या हिंदीत मी सुनावलं, "साब, चप्पल कहाँ उतारना, आपके यहाँ चार भाषा में लिखा है. मुँह नहीं चलाना, एक में भी नहीं."

डॉक्टरांनी खाली मान घालून दुसरी तारीख दिली.

तोवर मी दुकानात बसून गाठीवर बोट फिरवत राहिलो. गिऱ्हाईक साखर मागायचं आणि मला ती टोचलेली साखर आठवायची. चूक माझी, कबूल. पण ज्यानं ऐकवलंच नाही, त्यानं आम्हाला बहिरं ठरवावं? तुमच्यावर ही पाळी आली, तर टोचण्याआधी स्पष्ट विचारा: काय खायचं नाही, काय चघळायचं नाही, किती स्वस्थ बसायचं. कोणी वैतागलं तर वैतागू द्या. गाठ तुमची आहे.

दुसऱ्या खेपेला सुमननं दारातच माझे खिसे झाडले. जबडे अंधारात राहिले. मानेतली गाठ तेवढी चमकली, बाकी कुठेच काही नाही. पुढं औषधं झाली, केस गेले, आले. आता बरा आहे.

निकालाच्या दिवशी परतताना बसमध्ये मी तिला समजावलं, की अंगातलं जे जास्त राबतं तेही फोटोत चमकतं. ती डोळे पुसत होती. पुसता पुसताच म्हणाली, "मंग पयल्या फोटोत तुमचं तोंडच तेवढं चमकलं न? हे मले लग्नापासून मालूम आहे. काऊन नेलं मले येवढ्या दूर?"