पाचवा डोस

माझ्या मूत्राशयात जिवंत जंतू सोडायचे, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी त्यांच्यावर ओरडलो होतो. तेही क्षयाचे जंतू, अर्धमेले केलेले, पण जिवंत. कॅन्सर अजून आतल्या अस्तरातच होता, स्नायूपर्यंत पोचला नव्हता. दुर्बिणीतून तो खरवडून काढला होता आणि पुन्हा उगवू नये म्हणून हा उपाय. जंतू आत गेले की शरीर चवताळतं, मारामारीला उतरतं आणि त्या मारामारीत उरलासुरला कॅन्सरही मरतो, असं डॉक्टरांनी शांतपणे हिंदीत समजावलं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "चवताळायला तुम्हाला औषध कशाला हवंय? चहा गार दिला तरी पुरतं."

दर आठवड्याला एक, असे सहा डोस घ्यायचे होते. नळीतून औषध आत सोडायचं, नळी काढायची आणि दोन तास लघवी दाबून धरायची. औषध सगळीकडे लागावं म्हणून दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायची. नंतर बसून लघवी करायची आणि कमोडमध्ये ब्लीच ओतायचं, कारण बाहेर पडतात ते जंतूही जिवंतच. पहिल्या डोसला नुसती जळजळ झाली. चौथ्यानंतर रक्ताच्या गुठळ्या पडल्या, थंडी भरून ताप आला आणि त्या वेदनेत मी बाथरूमच्या दारावर इतक्या बुक्क्या मारल्या की कडी निखळून पडली.

पाचवा डोस दिल्लीत कुठेच मिळेना. औषधाचा तुटवडा होता. मुलाने दोन दिवस फोन लावले, रजा टाकली आणि पानिपतच्या एका औषधवाल्याकडून बर्फाच्या डब्यात ती इवलीशी बाटली आणली. "आपल्यापैकी कुणी पानिपताहून जिंकून आला असेल तर हाच," बायको म्हणाली. डॉक्टरांनी मात्र बजावलं, हा डोस वाया घालवू नका, दुसरा कधी मिळेल सांगता येत नाही.

दोन तास पडून राहायला हॉस्पिटलात पलंग होता. पण मागच्या खेपेला तिथल्या संडासापुढे मला थांबावं लागलं आणि मी नर्सच्या टेबलावरचा ट्रे भिरकावला होता. आता त्याच बाईसमोर दोन तास पडून राहायची लाज वाटत होती. मी हट्टच धरला की घरी जाऊन झोपतो. द्वारका काही लांब नाही, पाऊण तासात पोचू. मुलाने गाडी काढली. मागच्या सीटवर मी पाय दुमडून आडवा झालो आणि मोबाइलचा गजर वाजला तशी एकदा कूसही बदलली.

मुनिरका ओलांडून सिग्नलला थांबलो होतो, तेवढ्यात मागून एक पांढरी गाडी येऊन आदळली. धक्का थेट ओटीपोटात बसला. मुलगा खाली उतरला तेव्हा, मला नीट आठवतंय, तो नुसता बंपर बघत होता. पांढऱ्या गाडीतला माणूस उतरला तोच शिव्या देत. "बीच में क्यों खड़ा है? तेरे बाप की सड़क है?"

बाप मागच्या सीटवर आडवा पडलेला होता. माझं डोकं फिरलं. काच खाली करून मी ओरडलो, "सोडू नकोस त्याला! हाण!"

आणि त्याने हाणलं. पहिल्या ठोशात त्या माणसाचा ओठ फाटला. दुसऱ्यात तो बॉनेटवर पडला. मुलाने त्याची मान धरून डोकं पत्र्यावर आपटलं, एकदा, दोनदा, तीनदा. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मनापासून बरं वाटलं. मग मुलगा डिकीकडे धावला आणि चाकाचा पाना घेऊन आला. लोक मोबाइल वर धरून उभे होते. पाना वर गेला तेव्हा मला कळलं की हा आता माणूस मारणार.

मी दार उघडून धावलो. "अरे, बस! मरेल तो!" म्हणत मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. त्याला कळलंच नाही मागे कोण आहे. त्याने कोपर मागे हाणलं, ते माझ्या बेंबीखाली बसलं.

डोळ्यांपुढे अंधार आला. मी रस्त्यावर गुडघ्यांवर बसलो आणि सगळं सुटलं. पँटमधून, सँडलमधून, डांबरावर, लालसर. ज्याचं डोकं आम्ही फोडलं होतं तो माणूस ओठ पुसत मला उठवायला आला. "अंकल, क्या हुआ?"

"हाथ मत लगाना!" मी किंचाळलो. त्याला जंतू लागतील म्हणून ओरडलो होतो, पण त्याला ते कसं कळणार? तो माझ्याकडे किळसेने बघत मागे सरकला. मुलाच्या हातातून पाना पडला. डोस आत जाऊन पंचवीस मिनिटं झाली होती.

घरी आल्यावर मुलाने हातमोजे घालून माझी पँट ब्लीचमध्ये बुडवली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी फाइल उघडली. "पिछली बार दो घंटे रोका था न?"

"बिल्कुल," मी म्हणालो.

"नहीं, डॉक्टर साहब," शेजारून मुलगा म्हणाला. "पच्चीस मिनट. मेरी वजह से."

मी त्याच्याकडे वळलो आणि हात उचलला. त्याच्या खांद्यावर ठेवायचा होता. तुझ्यामुळे नाही, हाण असं मीच ओरडलो होतो, एवढंच सांगायचं होतं. पण चौतीस वर्षांच्या, गुडगावात चाळीस माणसं हाताखाली असलेल्या माझ्या मुलाने मान खाली घातली आणि कोपर तोंडावर आडवं धरलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. माझा हात अजून वरच होता, आणि तो खाली कसा आणायचा हे मला कळेना.