नानांच्या पाचबारीची मूठ

दाऊद मिस्त्रींच्या दुकानातला भुसा रोज संध्याकाळी झाडला जायचा, किस्से मात्र साठत गेले. उस्मानाबादेत बंदूक दुरुस्तीचा परवाना असलेलं ते छोटंसं दुकान. बंदूकवाले कामाला येत आणि माझ्यासारखे शाळामास्तर नुसतेच चहाला! निजामी जाऊन काही वर्षं झाली होती, तेव्हाच्या या गोष्टी.

*

मुठीचं वेड एका चित्रातून आलं. कुणीतरी इंग्रजी कॅटलॉग आणला. त्यातल्या बंदुकीचा खांद्याला लावायचा लाकडी दस्ता सरळ नव्हता. चापामागं पिस्तुलासारखी खाली वळलेली मूठ होती. आम्ही थक्क!

मिस्त्रींनी चष्मा वर केला. "अजी, ह्यात काय नवं? हे तर नांगर धरायचं रुमणं हाय!"

आठवड्यात त्यांनी एक मूठ कोरली आणि महिन्यात निम्मा जिल्हा दुकानात!

*

खरी गरज एकट्या नानांना होती. नाना तेरखेड्याचे. फटाक्यांच्या कामात उजव्या हाताची शेवटची दोन बोटं गेलेली. शेतात रानडुकरं भुईमूग उकरायची. दुबारी बंदूक दर दोन बारांनी नळ्या खाली पाडून पुन्हा भरणं त्या हाताला जमेना, म्हणून जहागीर गेलेल्या एका साहेबांची पाचबारी त्यांनी रीतसर घेतली. एक बार उडाला की पुढचं काडतूस आपोआप चढायचं. पण सरळ दस्ता तीन बोटांतून निसटे. त्यात कचेरीतले नवे साहेब म्हणाले होते, "परवाना नवा करताना हात बघू. बंदूक धरता आली नाही, तर जमा करावी लागेल."

नाना मिस्त्रींना म्हणाले, "बंदूक गेली तर डुकरांना लई आनंद व्हईल, ते चालंल. पण गाव म्हणंल, नाना संपला. ते न्हाय सोसायचं मला."

त्या दिवशी आम्ही कुणीच हसलो नाही.

*

माप घ्यायची मिस्त्रींची रीत वेगळीच. गिऱ्हाइकाच्या हातात कणकेचा गोळा द्यायचा आणि म्हणायचं, "धरा." बोटं उमटली की तसं शिसव कोरायचं. एका वकीलसाहेबांनी ताकद दाखवायला गोळा असा आवळला की कणीक बोटांमधून बाहेर!

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "साहेब, शिकारीला निघालात का उलटतपासणीला?"

*

माकणीच्या पाटलांचा गोळा ओट्यावर वाळत ठेवला होता. मूठ कुठवर आली ते बघायला पाटील दुपारी आले. मिस्त्री ओट्यावर गेले आणि तोंड पाडून परतले.

"पाटील, माफी असावी. तुमचा हात बकरीनं खाल्ला!"

पाटील गंभीरपणे म्हणाले, "कुठला? उजवा का डावा?"

*

माझ्याकडं बंदूक नव्हती, पण मूठ हवीच होती! मिस्त्रींनी ती माझ्या छत्रीला बसवून दिली. छत्री उपरण्यात गुंडाळून ऐटीत निघालो, बाहेर नुसती मूठ दिसत होती. चौकात हवालदारानं अडवलं.

"मास्तर, लायसन दाखवा."

मी मुकाट्यानं छत्री उघडली. कापडाला चार भोकं होती. त्यानं वाकून नीट पाहिलं.

"व्हय, बार उडून गेलेत. जावा."

*

नानांसाठी मिस्त्रींनी तीन मुठी केल्या. तिन्ही वाया! कणकेवर काही उमटलेलं असो, हाताच्या सवयीनं ते सगळ्या बोटांच्या खाचा पाडत आणि रिकाम्या खाचांवर नानांचा पंजा घसरे. परवान्याचा दिवस चार दिवसांवर आला. नानांनी तर बंदूक जमा करायची तयारी सुरू केली होती.

तेव्हा मिस्त्रींनी नानांचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ चाचपला. "चूक माझी हाय, नाना. मी नसलेली बोटं मोजत बसलो."

चौथ्या मुठीत, जिथं बोटं नव्हती तिथं त्यांनी लाकूड भरीव ठेवलं. नानांनी ती धरली, सोडली आणि पुन्हा पुन्हा धरून पाहिली.

*

परवान्याच्या दिवशी आम्ही सगळे कचेरीत. शिपायानं बंदूक रिकामी असल्याची खात्री केली. साहेब म्हणाले, "धरा."

नानांनी पाचबारी खांद्याला लावली. जरासुद्धा हलली नाही!

साहेबांचा विश्वास बसेना. "इकडं आणा, बघू ती मूठ."

त्यांनी स्वतः धरून पाहिली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट लाकडावर अडून बाहेरच राहिलं. त्यांनी पकड बदलली, पुन्हा बदलली. बंदूक डुगडुगायला लागली. कारकून तोंडावर फाईल धरून उभे.

साहेब वैतागले. "ही कसली मूठ? यात हात बसतच नाही!"

नाना अदबीनं पुढं झाले.

"साहेब, मुठीचं काय चुकलं न्हाय. तुमच्या हाताला दोन बोटं जास्त हायेत!"

साहेबांनी सहीसाठी टाक उचलला आणि आधी आपली बोटं मोजली.