जाहेदाबीचं चौथं अक्षर

जाहेदाबी थकली होती. कशानं थकलीस, असं कुणी विचारलं असतं तर तिला एक कारण सांगता आलं नसतं. नवरा लवकर गेला, मुलींची लग्नं तिनं गोधड्या शिवून केली. पहाटेच्या नमाजानंतर गल्लीतल्या मुलींना कुराण वाचायला शिकवलं, मग त्या मुलींच्या मुलींनाही. १९३०च्या आसपास नंदुरबारच्या त्या गल्लीत तिला नावानं हाक मारणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. सगळ्यांची ती उस्तानीबी, म्हणजे शिकवणारी बाई. मिरवण्यासारखं तिच्यापाशी होतं काय, तर उच्चार. एकेक अक्षर जिथून निघायला हवं तिथूनच निघायचं. तेवढं गेलं तर आपल्याला कुत्रंही विचारणार नाही, हे ती ओळखून होती.

दुखणं आलं ते चोरपावलांनी. दातण करताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दुखत काही नव्हतं. पण थुंकीत लाली जास्त झाली की वुजू तुटतो, म्हणजे नमाजासाठी हातपाय-तोंड धुऊन केलेली शुद्धी वाया जाते, हे तिला लहानपणापासून पाठ. मग पुन्हा बादली, पुन्हा गार पाणी, पुन्हा कुरकुरणारे गुडघे मोडून बसणं. ती वैतागली आणि तिनं आपल्याशीच हिशेब मांडला: रक्त दातणानं येतं, तर दातणच नको. नुसती चूळ भरायची. दातण करा असं धर्मानंच सांगितलेलं, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण थकलेलं माणूस सोयीचं तेवढं आठवतं.

रक्त दिसेनासं झालं. बाई खूश! हिरड्या मात्र आत आत सुजत चालल्या. तोंडाला वास येऊ लागला, तेव्हा ती ओढणीचा पदर ओठांवर धरून शिकवायला लागली. पुढे मिरची झोंबू लागली. नंदुरबारात राहून मिरची सुटली म्हणजे निम्मं जेवण सुटलं.

दूध घालायला येणारी दगूबाई तिची जुनी मैत्रीण. तिनं एकदा पदर ओढलाच. "तोंड काब्र झाकस वं? मिसरी लाय, दुखनं थांबी जाई. मी नही लावस का?"

जाहेदाबीनं भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड हिरड्यांवर चोळली. तोंड बधिर झालं. बधिर झालं म्हणजे बरं झालं, असं दोघींनी मिळून ठरवलं.

मग वरचा पुढचा दात हलला, त्याच्या शेजारचाही. तेव्हा कुठे दगूबाई तिला बळेच सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी तोंड पाहिलं आणि विचारलं, "दात घासायचं कधी सोडलंत?"

"रगत पडे, म्हनीसन सोडं," जाहेदाबी म्हणाली.

"अहो, घासल्यानं नाही, न घासल्यानं रक्त येतं. दातांवर किटण चढतं, ते हिरडीखाली शिरतं. हिरडी सुजते, दात सोडते, आतलं हाड झिजतं. रक्त आलं तेव्हाच नीट घासलं असतं, मऊ दातणानं, रोज, तर थोड्या दिवसांत थांबलं असतं. आणि ही मिसरी कुणी दिली?"

दगूबाई छताकडे पाहू लागली.

दोन्ही दात काढावे लागले. "बाकीचे सांभाळा," डॉक्टर म्हणाले. घरी येताना जाहेदाबीच्या मनात आलं, दातण आधी उरकायचं, रक्त थांबू द्यायचं आणि मग वुजू करायचा. इतकं साधं होतं! कुणाला विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. लाजेपायी विचारलं नाही. तिला स्वतःचा इतका राग आला की रडूसुद्धा येईना.

अलिफ, बे, ते, से. अरबीतलं चौथं अक्षर 'से'. ते म्हणताना जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला टेकवावं लागतं. आता तिथं खिंडार. वारा नुसता निसटायचा आणि 'से'चं 'शे' व्हायचं. दगूबाईच्या अहिराणीत 'शे' म्हणजे 'आहे'. ती हसून म्हणाली, "तू ते आते मन्हीच बोली बोलाले लागनी! शे, शे!" एरवी जाहेदाबीही हसली असती.

दुसऱ्या दिवशी मुली ओळीनं बसल्या. तिनं म्हटलं, "शे." मुली एका सुरात म्हणाल्या, "शे." कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. सर्वांत लहान सलीमानं तर हुबेहूब तिच्यासारखं म्हटलं.

"शे नहीं," जाहेदाबी म्हणाली, "शे!"

"शे," सलीमा म्हणाली.

"शे नहीं, बेटा! शे!"

सलीमाचे डोळे भरून आले. आपलं काय चुकतंय हे तिला कळेना, आणि तिचं काही चुकतही नव्हतं.

जाहेदाबी उठली. समोरच्या घरात सुरैय्या राहायची, तिचीच जुनी शागीर्द. तिला हाताला धरून आणलं आणि आपल्या चटईवर बसवलं. "उस्तानीबी, ये आपकी जगा है," सुरैय्या संकोचून म्हणाली. जाहेदाबीनं पदर खाली केला आणि तोंड दाखवलं. मग ती मुलींच्या ओळीत, सलीमाच्या शेजारी जाऊन बसली.

सुरैय्यानं म्हटलं, "से."

सलीमानं आधी जाहेदाबीकडे पाहिलं, दोन्हींतलं खरं कोणतं ते विचारायला. जाहेदाबीनं सुरैय्याकडे बोट केलं.