कॉफीनंतर बोलू

स्पेनमधल्या सामोरा गावात परदेशी पाहुण्यांना स्पॅनिश शिकायचं, तर ते ओब्दुलियाबाईंकडेच. वर्ग भरायचा तेओफिलोच्या खानावळीत. व्याकरण बाईंच्या लेखी नंतरचं, आधी माणसासारखं जेवायला शिका. आत शिरताना अनोळखी लोकांच्या टेबलालाही 'सावकाश जेवा' म्हणायचं, अडीचच्या आधी भूक लागली तर दाबून धरायची, आणि ताट संपलं म्हणून उठायचं नाही. खरं बोलणं कॉफीनंतर. आजारपण, सोयरीक, वाटणी, जे काही जड असेल ते तेव्हा काढायचं. घासाबरोबर दुःख वाढणारा माणूस अडाणी, असं त्या ठणकावून सांगत.

गेल्या महिन्यात मात्र बाई चमचा हातात धरून वर्गापुढे उभ्या राहिल्या आणि त्याला काय म्हणतात तेच आठवेना. विद्यार्थ्यांना वाटलं, तोंडी परीक्षा चाललीय. सगळे एका सुरात ओरडले आणि बाईही हसल्या. पुढे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की हे वाढतच जाणार, आता एकटीनं राहू नका.

एकुलता एक मुलगा इस्माएल, तो रॉटरडॅमला. कामासाठी माद्रिदला आला की एका दुपारपुरता घरी येणार होता. मला तुझ्याकडे ने, नाहीतर तू इकडे ये, एवढंच बाईंना सांगायचं होतं. फोनवर सांगता आलं असतं, पण असलं काही फोनवर सांगतात का?

इस्माएल आला तो बारालाच भुकेला. परक्या मुलखात राहून पोरानं पोटाचं घड्याळही बदलून घेतलेलं. बाई त्याला खानावळीत घेऊन गेल्या, तर तेओफिलोनं अजून चूल पेटायची आहे म्हणून त्याची थट्टा केली. शेवटी अडीचला दोघं जेवायला बसले. लसणाचं सार आलं तेव्हा इस्माएलनंच मान वर करून विचारलं, "आई, तुझी तब्येत बरी आहे ना? खरं सांग."

"जेव आधी," बाई म्हणाल्या. "गार होतंय."

मग कोकराचं मटण आलं, शेजारणीच्या मुलीच्या लग्नाच्या गप्पा झाल्या, बाई खुशीत होत्या. गोड येताच इस्माएल म्हणाला, "काका, बिलपण आणा."

तेओफिलो बाईंकडे बघत राहिला. त्याच्याकडे कॉफीआधी बिल मागायचं म्हणजे भरल्या ताटावरून उठणं. त्यानं उगाच टेबल पुसलं, कॉफी माझ्याकडून म्हणाला.

"नको काका, गाडी चुकेल."

"पाच मिनिटं बस रे," बाई म्हणाल्या. "मला बोलायचंय."

"रविवारी फोन करतो ना, आई. तेव्हा निवांत बोलू." त्यानं आईच्या दोन्ही गालांचे पापे घेतले आणि तो गेला. तेओफिलोनं तरीही दोन कॉफी आणल्या आणि स्वतःच समोर बसला. त्याच्यापाशी काय बोलणार? बाईंनी हवापाण्याचं बोलून कप रिकामा केला. त्यांना इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं.

रविवारी फोन आला.

"तुला बघून जिवात जीव आला बघ," इस्माएल म्हणाला. "शेजारची मावशी काहीबाही सांगत होती. तू तर ठणठणीत आहेस. बरं, तुला काय बोलायचं होतं?"

काहीतरी सांगायचं होतं, फार महत्त्वाचं होतं, एवढं बाईंना आठवत होतं. काय, ते आठवत नव्हतं.

"काही नाही रे," त्या म्हणाल्या. "जेवलास का?"