डायनमोवर फोडलेला नारळ

दिवे आधी पिवळे पडले, मग तांबडे झाले, मग गेलेच. इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि तेही बंद पडलं. घोडेगावहून जुन्नरच्या दवाखान्याला निघालो होतो, निम्मी वाट राहिली होती. मागच्या सीटवर माझी नणंद माझ्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होती. पोटातलं मूल आडवं होतं. सुईणीने हात टेकले होते.

माझा नवरा खाली उतरला, बॉनेट उघडलं आणि नुसता उभा राहिला.

"दादा, बैलगाडी बरी व्हती रं," नणंद म्हणाली. कळा सोसतानाही तिची जीभ काही थांबत नव्हती.

आमची मोटार जुनी, भाड्याने द्यायची. लग्नसराईत वरातीला जायची. वरातीत मोटार मुंगीच्या पावलाने चालते, वर बल्बांच्या माळा आणि लाउडस्पीकर. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज करणारा डायनमो लहान होता, त्याला एवढं झेपायचं नाही. बॅटरी उतरली की वऱ्हाडी नवरदेवासकट मोटार ढकलत न्यायचे. म्हणून नवऱ्याने पुण्याहून लष्कराच्या भंगारातला मोठा डायनमो आणला. जुन्नरच्या मुसलमान मिस्त्रीने लोहाराकडून जाड पट्टी करून तो बसवला आणि त्याची पुली बारकी केली, म्हणजे गाडी हळू चालली तरी तो जोरात फिरावा. मला म्हणाला, "भाभी, आता नवरदेवाच्या तोंडावरचे देवीचे वणसुद्धा दिसतील."

त्याच आठवड्यात खंडेनवमी आली. हत्यारांची पूजा झाली, मोटारीला हार घातला. घरात नवी वस्तू आली की नारळ फोडायचा, हे मला कुणी शिकवायला नको होतं. तो चाकापुढे दगडावर फोडायचा असतो. पण नवा डायनमो होता, म्हणून मी त्याच्याच पट्टीवर फोडला. नारळ चांगला पाणीदार निघाला. डायनमोच्या बाजूला उघड्या खिडक्या होत्या, पाणी सगळं आत गेलं. मला वाटलं, देवाला पोचलं. दोन दिवस मोटार उभी होती. तिसऱ्या दिवशी नणंद बाळंतपणात अडली.

मी खाली उतरले आणि नवऱ्याला सांगून टाकलं.

"कशावर फोडला?"

"डायनमोवर."

आता शिव्या बसणार, असं मला वाटलं. तो म्हणाला, "त्याला नारळ दाखवायचा आसतो, पाजायचा नसतो. घाल आता हात, माझी बोटं जात न्हाईत."

त्याने हातबॅटरी धरली. मी लुगड्याचा पदर टरकावला, पेट्रोलात भिजवला आणि खिडकीतून बोटं घातली. लोखंड तापलेलं, बोटं पोळली. आत वीज उचलून घेणारे कार्बनचे दोन तुकडे असतात. ते नारळाच्या पाण्याने गुळासारखे चिकटून बसले होते. केसांतल्या आकड्याने ते हलवले, तेव्हा स्प्रिंगने पुढे सरकले. मधला तांब्याचा भाग पुसून पुसून चकचकीत केला.

"वहिनी, भांडी नंतर घासा," आतून आवाज आला.

दिवे बंदच ठेवले. बॅटरीत उरलेला जीव इंजिनाला लागणार होता. पुढे उतार होता. नवरा दारातून एका हाताने स्टिअरिंगचं चाक धरून ढकलू लागला, मी मागून.

"मी उतरू का?" नणंद ओरडली.

"तू गप पड!" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

उताराला लागल्यावर तो आत उडी मारून बसला आणि गिअर टाकला. मोटार दोन हिसके देऊन सुरू झाली. मी पळत जाऊन दार धरलं आणि आत चढले. बॅटरीत वीज भरतेय का ते दाखवणारा काटा हलला, मग चढला. थोडं अंतर अंधारातच गेल्यावर नवऱ्याने दिवे लावले. रस्ता पुढच्या वळणापर्यंत पांढराशुभ्र झाला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेर काढलं आणि पहाटेपर्यंत दार उघडलं नाही.

नणंद जगली. मुलगीही जगली.